आजवर काही झालं नाही

आत्याच्या दुसऱ्या केमोनंतरच्या नवव्या दिवशी मी तिच्यासाठी फोडणीचा भात घेऊन गेलो.

तिनेच मागितला होता. हॉस्पिटलच्या जेवणाला ती कंटाळली होती. कप्प्यांच्या स्टीलच्या ताटात रोज तेच पातळ वरण, मऊ भात आणि दुधीची भाजी. "अरे, तोंडाला चवच नाही. एक दिवस आपला फोडणीचा भात आण. शेंगदाणे घालून, पिवळाधमक."

आमच्या घरात फोडणीचा भात ताज्या भाताचा होत नाही. तो रात्रीच्या भाताचाच हवा, तरच मोकळा होतो. म्हणून मी रात्री मुद्दाम जास्त भात लावला आणि पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं. मे महिना होता. सकाळी मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, वरून लिंबू. डबा तीनदा गरम पाण्याने धुतला. हे आवर्जून सांगतोय, कारण माझ्या मते मी स्वच्छतेची पूर्ण काळजी घेतली होती.

वॉर्डच्या दारावर पाटी होती, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत'. बाहेरचे म्हणजे हॉटेलचे, असा मी सोयीचा अर्थ लावला. सिस्टर पलीकडच्या पेशंटकडे गेल्यावर डबा उघडला. आत्याने सात-आठ घास खाल्ले. खूप दिवसांनी ती हसली.

संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. रात्री सलाईन लावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काल काय खाल्लं होतं?" आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथलंच."

तासाभराने डाएटिशियन मॅडम वर आल्या. त्यांच्यामागे किचनमधला एक मुलगा होता, माझ्याच वयाचा, डोक्यावर जाळीची टोपी, हातात लांबट वही. मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "काल दुपारचं वरण किती वाजता निघालं?" त्याने वही उघडून बोट ठेवलं. वेळ, पदार्थ, तापमान, सही. भातासमोरही तसंच, भाजीसमोरही तसंच. तो घाबरलेला होता, पण त्याचं बोट त्या ओळीवरून हलत नव्हतं.

माझा रिकामा डबा कॉटखालच्या पिशवीत होता. मी गप्प बसलो.

केमोने उलट्या होतातच. त्याच आठवड्यात आधीही झाल्या होत्या. भाताने झाल्या की औषधाने, हे मला कधीच कळणार नाही. दोन दिवसांत आत्या सावरली, आणि आज ती ठणठणीत आहे. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की मी काही चूक केली का?

*

घरी विचारलं तर सगळे एकच वाक्य म्हणतात. "आपण वर्षानुवर्षं शिळ्या भाताचा फोडणीचा भात खातोय, आजवर काही झालं नाही."

हे वाक्य खोटं नाही. म्हणूनच ते धोक्याचं आहे.

तांदळात 'बॅसिलस सीरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे कठीण कवचात झोपून राहिलेला जिवाणू. भात शिजला तरी ते तगतात. शिजलेला भात तासन्‌तास उकाड्यात राहिला की जागे होऊन वाढतात, आणि त्यांच्यातले काही एक विष तयार करतात. सकाळी भात कितीही परता, ते विष फोडणीच्या उष्णतेला दाद देत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चिनी रेस्टॉरंटांत फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होऊ लागल्या, तेव्हा हे प्रकरण नीट लक्षात आलं. तिथेही उकडलेला भात बाहेरच ठेवलेला असायचा.

माझ्या भाताला वास येत नव्हता. त्याला तार सुटली नव्हती. मी स्वतः दोन चमचे खाऊन बघितला होता. आपण घरात अन्न पारखतो ते नाकाने, डोळ्याने, जिभेने. ही पारख बहुतेक वेळा पुरते, कारण पारखणारा आणि खाणारा दोघेही धडधाकट असतात. जिथे थोडी चूक राहते, तिथे शरीर सांभाळून घेतं.

आत्याचं शरीर त्या दिवशी सांभाळून घेण्याच्या स्थितीत नव्हतं. केमोनंतर साधारण एक-दोन आठवड्यांच्या मध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. माझ्यासाठी जे 'पोट जरा बिघडलं' असतं, ते तिच्यासाठी आयसीयू असू शकतं. ओट्यावरचं पातेलं तेच, भात तोच, फक्त खाणारं माणूस बदललं होतं.

*

तत्त्वज्ञानात या प्रश्नाला एक नाव आहे, नैतिक नशीब. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच परिसंवादात त्यावर निबंध मांडले. नेगेलचं एक उदाहरण ट्रकचालकाचं आहे. समजा, दोन चालकांनी ब्रेक तपासून घ्यायचा कंटाळा केला. एकाच्या वाटेत कुणी आलं नाही, तो घरी जाऊन जेवला. दुसऱ्यासमोर एक मूल धावत आलं. निष्काळजीपणा दोघांचा सारखाच. पण एकाला आपण विसरतो आणि दुसऱ्याला आयुष्यभर माफ करत नाही. फरक कशाने पडला? ज्यावर दोघांचाही ताबा नव्हता अशा गोष्टीने.

स्वयंपाकघरात आपण सगळे पहिले चालक असतो. 'आजवर काही झालं नाही' याचा अर्थ आपण बरोबर वागत होतो असा होत नाही. वाटेत कुणी आलं नाही, एवढाच होतो.

म्हणून मला वाटतं, त्या भातात विष होतं की नव्हतं, याचं उत्तर मिळालं असतं तरी माझा प्रश्न सुटला नसता. विष नसतं तर मी सुटलो असतो, पण बरोबर ठरलो नसतो. आत्याचा जीव मी माझ्या नशिबावर ठेवला होता, आणि तिला न विचारता. तिने भात मागितला होता, हे खरं. पण तो रात्रभर ओट्यावर होता तर तिला काय होऊ शकतं, हे तिला कुणी सांगितलं होतं?

किचनमधल्या त्या वहीचा अर्थ मला इथे कळला. ती वही ज्या पद्धतीतून आली, तिचा उगम अंतराळात आहे म्हटलं तरी चालेल. १९६० च्या दशकात नासाला अंतराळवीरांसाठी अन्न हवं होतं. तिथे कुणाला जुलाब झाले तर डॉक्टर बोलावता येणार नव्हता. तयार अन्नाचे नमुने तपासून खात्री करायची म्हटलं, तर इतके नमुने तपासावे लागत होते की खायला फारसं उरतच नव्हतं. म्हणून पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेने मिळून विचार उलटा फिरवला. शेवटी तपासण्याऐवजी, बनवताना धोका नेमका कुठे शिरू शकतो ते आधीच शोधायचं आणि त्या जागांवर पहारा ठेवायचा. शिजताना आतपर्यंत किती तापलं? थंड करायला किती वेळ लागला? ५ ते ६० अंश सेल्सिअस या धोक्याच्या पट्ट्यात अन्न किती वेळ राहिलं? प्रत्येक वेळी मोजायचं आणि लिहायचं. ही पद्धत आज 'हॅसेप' म्हणून जगभर वापरतात.

वॉर्डातल्या कॉटवर झोपलेली आत्या त्या अंतराळवीरापेक्षा फार वेगळ्या स्थितीत नव्हती. येईल ते खायचं. दुसरा पर्याय नाही.

*

इंग्लंडमध्ये वेकफील्ड गावी स्टॅनली रॉयड नावाचं मनोरुग्णालय होतं. तिथे बरेच रुग्ण वृद्ध होते. १९८४ च्या ऑगस्टमध्ये तिथे साल्मोनेलाची साथ पसरली. साडेतीनशेहून अधिक रुग्ण आणि शंभराहून अधिक कर्मचारी आजारी पडले. १९ रुग्ण दगावले. चौकशीत संशयाचं बोट गेलं ते थंड वाढलेल्या भाजलेल्या बीफकडे. कच्च्या कोंबडीचे जंतू त्याला लागले असावेत, आणि ते मांस उन्हाळ्याच्या दिवसांत कित्येक तास फ्रिजबाहेर राहिलं होतं.

कुणीही जाणूनबुजून काही केलं नव्हतं. तिथल्याही कुणीतरी मनात म्हटलंच असेल, आजवर काही झालं नाही.

पण या प्रकरणातली मला सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट वेगळी आहे. तेव्हा ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांवर अन्नस्वच्छतेच्या कायद्याखाली खटलाच भरता येत नव्हता. ती राजसत्तेची मालमत्ता, आणि राजसत्ता स्वतःवर खटला भरत नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला जो कायदा होता, तो रुग्णाला जेवू घालणाऱ्या स्वयंपाकघराला नव्हता. स्टॅनली रॉयडनंतर, १९८६ च्या कायद्याने, हे संरक्षण काढून घेतलं गेलं.

त्यामागची समजूत मात्र आपल्या ओळखीची आहे. 'हे सेवेचं काम आहे. इथली माणसं चांगल्या हेतूने राबतात. त्यांना कसल्या तपासण्या लावायच्या?' सेवा, माया, दान हे शब्द आले की आपण मोजपट्टी खिशात ठेवतो. माझ्या डब्याचंही तेच झालं. मी आत्यावर प्रेम करत होतो, म्हणून मला पाटी लागू नव्हती.

*

आपल्याकडे ही मोजपट्टी सगळ्यात जास्त वेळा खिशात जाते ती वृद्धाश्रमाच्या दारात.

लग्न आटोपतं. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. बासुंदी, पनीर, मसालेभात उरलेला असतो. कुणीतरी म्हणतं, "अन्न वाया कशाला घालवायचं? वृद्धाश्रमात देऊन येऊ." सगळ्यांना बरं वाटतं. अन्न वाया न घालवणं ही खरंच चांगली गोष्ट आहे, तिची थट्टा करायची नाही. पण ती बासुंदी संध्याकाळी सातपासून मंडपात होती. तीच बासुंदी आपण दुसऱ्या दिवशी आपल्या ऐंशी वर्षांच्या आजीला दिली असती का?

'धर्माची गाय आणि दात का नाय' ही म्हण आपण घेणाऱ्याला गप्प करायला वापरतो. फुकट मिळालंय ना, मग दात कशाला मोजता? वृद्धाश्रमातल्या आजोबांना तर मोजण्याची सोयच नसते. पाहुणे आलेत, फोटो निघतायत, व्यवस्थापक हात जोडून उभे आहेत. अशा वेळी 'मला नको' म्हणणं म्हणजे कृतघ्नपणा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या ताटात आपण काय वाढतो, यावर आपल्या दानाची परीक्षा व्हायला हवी.

उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी भारतात २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. पण नियम माहीत नसला तरी घड्याळ प्रत्येकाकडे आहे. पहिल्या पंगतीआधीच पन्नास माणसांचं जेवण बाजूला काढून गरम असतानाच पाठवलं, तर दानही होतं आणि दात मोजायची वेळही येत नाही. तेवढं आधी सुचायला हवं.

*

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. हे सगळं पाळायचं तर म्हातारपण आणि आजारपण नुसतं उकडलेलं, बेचव आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होऊन जाईल. आत्या हसली होती ती त्या भाताने, वरणाने नव्हे. ज्याचे थोडे दिवस उरलेत त्याला एक आंबा, एक कच्ची कैरी, घरचं ताक नाकारणं ही कसली सुरक्षा?

मला हा आक्षेप उडवून लावता येत नाही. 'नको' म्हणणं सोपं असतं. एखादी संस्था स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्यालाच नको म्हणते, आणि त्याला काळजी असं नाव देते. केमोच्या रुग्णांना कच्ची फळं-भाज्या सरसकट बंद करण्याची पद्धत जगभर होती. नंतरच्या काही अभ्यासांत असं दिसलं, की अन्न नीट धुऊन, नीट हाताळून दिलं तर या सरसकट बंदीने संसर्ग कमी होतातच असं नाही. म्हणजे नियमालाही 'कशासाठी?' हा प्रश्न विचारत राहावं लागतं.

पण यातून बाहेर पडायची एक वाट ब्रिटनमधल्याच अंड्यांनी दाखवली. साल्मोनेलाच्या भीतीने तिथे कित्येक वर्षं वृद्ध, गरोदर बाया आणि लहान मुलांना अर्धकच्चं अंडं देऊ नये असा सल्ला होता. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचं नाश्त्याचं मऊ बलकाचं अंडं त्यातच गेलं. मग तिथल्या अंडी उत्पादकांच्या एका योजनेत कोंबड्यांना लस देणं आणि प्रत्येक अंड्याचा माग ठेवणं सुरू झालं. २०१७ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने सल्ला बदलला. त्या योजनेचा शिक्का असलेलं अंडं आता वृद्धांनीही मऊ खाल्लं तर चालेल. ज्यांची प्रतिकारशक्ती अगदीच ढासळली आहे, त्यांना मात्र ही सूट नव्हती.

आजोबांना त्यांचं अंडं परत मिळालं ते कुणीतरी डोळेझाक केली म्हणून नाही. साखळीत खूप मागे, पोल्ट्रीत, कुणीतरी जास्तीचं काम अंगावर घेतलं म्हणून. सुख आणि सुरक्षा यांचं भांडण बऱ्याचदा खोटं असतं. खरा प्रश्न कष्ट कुणी घ्यायचे हा असतो. खाणाऱ्याने जीभ मारायची, की वाढणाऱ्याने हात चालवायचे?

मलाही आत्याला फोडणीचा भात देता आला असता. भात सकाळी लावायचा, परातीत पसरून लगेच निववायचा, फोडणी देऊन गरमागरम डब्यात भरायचा आणि सिस्टरना विचारून वाढायचा. अर्धा तास जास्त गेला असता, आणि एक प्रश्न विचारावा लागला असता, ज्याचं उत्तर 'नाही' येऊ शकलं असतं. मी चोरून डबा उघडला तो या दोन गोष्टी टाळायला. त्याला प्रेम म्हणणं मला हल्ली जड जातं.

*

आता तो वहीवाला मुलगा.

स्वयंपाकघरात काही बिघडलं की आपण सगळ्यात आधी हातांकडे बघतो. कुणाचे हात? जे सगळ्यात स्वस्त असतात त्यांचे. या बाबतीतलं सगळ्यात प्रसिद्ध नाव मेरी मॅलनचं. ती आयर्लंडहून अमेरिकेत आलेली स्वयंपाकीण. तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते, पण तिला स्वतःला काहीच होत नव्हतं. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने तिला पकडून एका बेटावर वेगळं ठेवलं. १९१० मध्ये, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं. तिला कपडे धुण्याचं काम मिळालं, त्यात पैसे कमी. १९१५ मध्ये ती पुन्हा सापडली, नाव बदलून स्वयंपाक करताना. आणि कुठे, तर बायकांच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात. तिथे २५ जणांना टायफॉइड झाला, दोघं दगावली. तिला पुन्हा त्याच बेटावर नेलं. १९३८ मध्ये ती तिथेच वारली.

मेरी चुकली. आपण वचन दिलंय हे तिला माहीत होतं, आणि समोर बाळंतिणी होत्या. पण एका कष्टकरी बाईला 'तुझा एकमेव चांगला धंदा सोड' सांगून आपण तिच्या हातात काय दिलं, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

भारतात अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, त्याला टायफॉइडसारख्या आजारांची लस मिळावी, आजारी असताना त्याला अन्नाजवळ येऊ देऊ नये, असे नियम आहेत. चांगले आहेत. पण किचन कंत्राटावर असतं. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार कापला जातो. सकाळी उठल्यावर पोटात कळ आली, तीनदा जाऊन आलं, तर तो मुलगा काय करेल? घरभाडं आठवून डोक्यावर जाळीची टोपी घालेल आणि कुणाला सांगणार नाही. मग तीनशे रुग्णांची सुरक्षा एका दिवसाच्या पगारावर टांगलेली राहते. पगारी आजारपणाची रजा आपण कामगाराच्या कल्याणाच्या रकान्यात टाकतो. हॉस्पिटलच्या किचनमध्ये ती साबणाच्या आणि थर्मामीटरच्या शेजारी असायला हवी.

मी त्या दिवशी गप्प बसलो तेव्हा माझी चूक त्याच्या हातांवर जाऊन पडली होती. त्याला वाचवलं ते वहीने. मला वाटायचं, अशा वह्या कामगारावर पाळत ठेवायला असतात. त्या दिवशी तीच एक साक्षीदार त्याच्या बाजूने बोलली. बोलायला हवा होता तो साक्षीदार स्टुलावर बसून मोबाइल बघत होता.

आत्याला डिस्चार्ज मिळाला त्या सकाळी मी तळमजल्यावरच्या किचनमध्ये गेलो. मुलाची साप्ताहिक सुट्टी होती. डाएटिशियन मॅडम भेटल्या, त्यांना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंत, तर डॉक्टरांना उपयोग झाला असता. बाकी त्याला सांगते मी." त्यांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगायचं काम माझं होतं.

आत्याला हे सगळं मी मागच्या महिन्यात सांगितलं. बीजाणू, विष, ट्रकवाला, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, तेव्हा मला रोजच उलट्या व्हायच्या. तुझा भात बिचारा कशाला त्यात ओढतोस?" मला हलकं वाटलं. मग थोडं थांबून ती म्हणाली, "पण तसा भात परत कुणा आजारी माणसाला नेऊ नकोस."

त्या दिवशी मी तिला फोडणीचा भात करून वाढला. ताजा लावलेला, परातीत पसरून निववलेला. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मोकळा नाही झाला रे."

पण सगळा संपवला.